इंग्रजीचे अवघड शब्द आणि आपली मुले

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, इंग्रजी पहिलीच्या वर्गात, भिवा रामजी आंबेडकर हे नाव नोंदले गेले. ते हायस्कूल आज छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखले जाते. २०१७ पासून महाराष्ट्र शासन हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. त्या दिवशी वस्त्यावस्त्यांतून भाषणे होतात, प्रतिमेला हार घातला जातो. पण ज्या भाषेत परमपूज्य बाबासाहेबांनी पुढे जगातल्या विद्वानांना उत्तरे दिली, ती भाषा त्यांच्या हाती आली कशी, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

सुभेदार रामजी आंबेडकर लष्करी शाळेत चौदा वर्षे मुख्याध्यापक होते. हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांनी मुलाकडून पक्की करून घेतली, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. म्हणजे मराठीचा हात धरूनच इंग्रजी शिकवले. घरात महागडी शिकवणी नव्हती. बाप होता, मोजकी पुस्तके होती आणि नेम होता.

अडते कुठे?

साधे इंग्रजी आपल्या मुलांना आता नवे राहिलेले नाही. पूर्वी आपल्याकडे इंग्रजी पाचवीपासून होते, सन २००० पासून ते पहिलीपासून आले. मुले अडतात ती पुढच्या पायरीवर. कुपवाडच्या कारखान्यात काम करणाऱ्याचा मुलगा किंवा कऱ्हाडकडच्या शेतमजुराची मुलगी मराठी माध्यमातून दहावीला चांगले गुण मिळवते आणि अकरावी सायन्सला जाते. तिथे सगळे इंग्रजीतून. पहिल्याच महिन्यात 'फोटोसिन्थेसिस' समोर येते आणि धीर सुटतो. सहा महिन्यांनी घरात सांगतात, "मला सायन्स झेपत नाही."

खरे तर तिला सायन्स येत असते. तिने सातवी-आठवीत 'प्रकाशसंश्लेषण' शिकलेले असते. 'फोटो' म्हणजे प्रकाश आणि 'सिन्थेसिस' म्हणजे एकत्र बांधणी. तोच शब्द, त्याच जोडणीचा, फक्त दुसऱ्या भाषेतला. हे कोणी सांगितले असते तर तिने सायन्स सोडले नसते.

मोठ्या माणसांचेही तसेच होते. मी कचेरीत कारकुनी करतो. संध्याकाळी वस्तीतले लोक बँकेचे, विम्याचे, प्रॉव्हिडंट फंडाचे कागद घेऊन घरी येतात. त्या कागदात 'फेलिंग विच' असे दोन शब्द असतात. त्यांचा नापास होण्याशी काही संबंध नाही. 'तसे न केल्यास' एवढाच त्यांचा अर्थ. पुढे 'फॉरफीट' असते, म्हणजे हक्क जाणे. 'प्रोव्हिजनल' म्हणजे तात्पुरते, अजून पक्के न झालेले. असे चार शब्द न कळल्यामुळे मुदत टळते आणि कष्टाचा पैसा अडकतो. तेव्हा अवघड शब्द ही साहेबांची चैन आहे असे कोणी समजू नये.

शब्दांची घराणी

या शब्दांना भिण्याचे कारण नाही, कारण ते एकेकटे राहत नाहीत. त्यांची घराणी असतात. एक मूळ कळले की भावकीतले दहा शब्द ओळखीचे होतात.

बाबासाहेबांच्याच लिखाणातला शब्द घेऊ. 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' हा ग्रंथ १९३६ चा. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी तयार केलेले ते भाषण होऊ दिले गेले नाही, म्हणून बाबासाहेबांनी ते स्वतः छापले. 'ॲनिहिलेशन'च्या पोटात 'निहिल' हा लॅटिन शब्द आहे. निहिल म्हणजे काही नाही. कचेरीच्या तक्त्यात ज्या रकान्यात आपण मराठीत 'निरंक' लिहितो, तिथे इंग्रजीत 'निल' लिहितात. ते 'निल' या 'निहिल'चेच आखूड रूप. म्हणजे ॲनिहिलेशन म्हणजे निरंक करणे, शिल्लक काही न ठेवणे. 'रिफॉर्म' म्हणजे नुसती सुधारणा, डागडुजी. बाबासाहेबांनी जातीची डागडुजी मागितली नाही, हे त्यांच्या एका शब्दातच दिसते. शब्द नेमका कळला नाही तर विचारही अर्धाच कळतो.

दुसरे घराणे हाताचे. लॅटिनमध्ये 'मानुस' म्हणजे हात. त्यावरून 'मॅन्युअल' म्हणजे हाताने केलेले, 'मॅन्युस्क्रिप्ट' म्हणजे हस्तलिखित. 'इमॅन्सिपेशन' म्हणजे दुसऱ्याच्या हाताच्या पकडीतून सुटका, मुक्ती. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये कायदे झाले. त्यांच्या इंग्रजी नावात 'मॅन्युअल' शब्द आहे. ज्या घराण्यात ते काम आहे त्याच घराण्यात मुक्तीही आहे, हे मुलांना सांगावे. असा शब्द मूल जन्मभर विसरत नाही.

मराठी ही अडचण नव्हे, भांडवल

कित्येक घरांत कर्ज काढून मुलांना इंग्लिश मीडियमला घालतात. आईबापांची तळमळ खरी आहे, तिला कोणी नावे ठेवू नयेत. पण नुसत्या फीने मोठे शब्द येत नाहीत, आणि मराठी कच्ची राहिली तर मूल दोन्हीकडून जाते. बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात जातिसंस्थेवर इंग्रजीत निबंध वाचला आणि १९२० मध्ये 'मूकनायक' मराठीत काढला. त्यांच्या हाती दोन्ही भाषा होत्या.

मराठी आणि इंग्रजी या लांबच्या का होईना, एकाच कुळातल्या भाषा आहेत. संविधानाच्या उद्देशिकेतली 'फ्रॅटर्निटी' म्हणजे बंधुता. तिच्यातला लॅटिन 'फ्राटर' आणि आपला 'भ्राता' एकाच मुळाचे. त्या कोलंबियाच्या निबंधाच्या नावात 'जेनेसिस' म्हणजे उत्पत्ती हा शब्द आहे. तो 'जन्म', 'जनन' यांचा नातलग. आपण 'अ', 'वि', 'उप' लावून शब्द बनवतो, तसे इंग्रजीही पुढे-मागे तुकडे जोडून बनवते.

बौद्ध परंपरेचा मोठा वारसा असलेल्या व्हिएतनाम देशातल्या विद्यार्थ्याकडे पाहा. त्याची लिपी रोमन, म्हणून अक्षरे त्याला सोपी. पण त्याच्या भाषेत काळ किंवा वचन बदलले तरी शब्दाचे रूप बदलत नाही, शब्दाला शेपूट लागत नाही. इंग्रजीशी तिचे कुळाचे नातेही नाही. तरी तिथली मुले जिद्दीने अवघड इंग्रजी शिकतात. मग आपल्याला तर निम्मी वाट घरातच मिळाली आहे.

मात्र नुसत्या अंदाजावर जाऊ नये. 'व्हॅल्युएबल' म्हणजे मौल्यवान, म्हणून 'इन्व्हॅल्युएबल' म्हणजे कवडीमोल असे वाटते. पण अर्थ आहे अमूल्य, ज्याची किंमतच होऊ शकत नाही असे. म्हणून शब्द नेहमी वाक्यात पाहावा आणि कोशात पडताळावा. आता मोबाइलवर कोशही मिळतो आणि उच्चारही ऐकता येतो.

घरी काय करावे?

एक शंभर पानी वही घ्यावी. रोज फक्त चार शब्द लिहावेत. शब्द, त्याचे मूळ, मराठी अर्थ, जिथे सापडला ते वाक्य आणि स्वतःचे एक वाक्य. रोज चार म्हणजे वर्षाला १४६० शब्द होतात. लिहिलेले शब्द दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा झाकून म्हणावेत. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवले, की शिकलेले पहिल्या काही तासांत आणि दिवसांत झपाट्याने विसरले जाते. अंतर ठेवून उजळणी केली तर ते टिकते. एका रात्रीत पन्नास शब्द पाठ करणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे.

आता पुस्तकाचे. ते आपल्या घरात आहेच. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा मूळ ग्रंथ बाबासाहेबांनी इंग्रजीत लिहिला, आणि तो त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या मजकुराला आकडे दिलेले आहेत. त्यामुळे मराठी आणि इंग्रजी प्रती शेजारी ठेवून आकड्याला आकडा लावून वाचता येते. आधी मराठी वाचावे, मग इंग्रजी. नंतर इंग्रजी झाकून मराठीवरून आपले इंग्रजी लिहावे आणि मूळाशी ताडून पाहावे. रामजी सुभेदारांनी वापरलेली भाषांतराची वाट ती हीच. मूळ वाचताना मुलाला शब्दांबरोबर विचारही मिळतो.

सातारा-सांगलीतल्या आपल्या विहारांना एक विनंती आहे. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात या ग्रंथाचे मराठीतून वाचन होते. रोजचा भाग संपल्यावर त्यातलेच चार आकडे आठवी ते बारावीच्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने इंग्रजीतून वाचावेत. नवे चार शब्द फळ्यावर लिहावेत. कोणी चुकले तर हसू नये. ज्या माउलीला अक्षरओळख नाही तिनेही समोर बसावे. आपली आई ऐकते आहे म्हटल्यावर मुलाचा आवाज सुटतो.

याला वर्गणी लागत नाही, सरकारी मंजुरी लागत नाही. एक फळा, एक खडू आणि दोन पुस्तके पुरतात. तीन महिन्यांत साडेतीनशेच्या वर शब्द होतील. येत्या वर्षावासाला एका तरी विहाराने हे सुरू करावे, बाकीचे आपोआप मागून येतील.

जयभीम!