वनस्पतिनाम, श्लेष आणि रहस्यकथा

हिंसेचे दर्शन पडद्याआड ठेवून, लहान गावातील परिचित माणसांमध्येच गुन्ह्याची उकल करणारा कथाप्रकार इंग्रजीत सुप्रतिष्ठित आहे. सूझन विटिग आल्बर्ट या अमेरिकन लेखिकेने १९९२ साली आरंभिलेली चायना बेल्स कथामाला या प्रकारात मोडते. नायिका ह्यूस्टन येथील फौजदारी वकिली सोडून टेक्सासमधील पेकन स्प्रिंग्ज या कल्पित गावी सुगंधी व औषधी वनस्पतींचे दुकान चालविते. या मालेतील शीर्षके वनस्पतींच्या नावांवर बेतलेली असून त्यांतील श्लेष भाषाभ्यासकाने लक्ष द्यावे असा आहे.

या श्लेषाच्या दोन जाती स्पष्टपणे वेगळ्या करता येतात. पहिली जात ध्वनिसाम्याची. पहिल्या कादंबरीच्या शीर्षकातील 'टाइम' हे तुळशीच्या कुळातील एका वनस्पतीचे नाव आहे. त्याचे मूळ ग्रीक. काळवाचक 'टाइम' हा शब्द जुन्या इंग्रजीतून आलेला. उच्चार एक, लेखन भिन्न. त्यामुळे 'मृत्यूची वेळ' हा अर्थ कानाला, तर वनस्पती डोळ्याला प्रतीत होते. देवनागरीत उच्चारानुसार लिहिताच हा भेद नाहीसा होतो. १९९६ च्या 'रूफुल डेथ' मध्येही 'रू' म्हणजे सताप आणि 'रू' म्हणजे पश्चात्ताप हे शब्द व्युत्पत्तीने परस्परांस परके आहेत. मराठीत याला समांतर उदाहरण 'दिन' व 'दीन' यांचे देता येईल. लेखनात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जातो; बोलण्यात तो बहुधा ऐकू येत नाही.

दुसरी जात अर्थविस्ताराची. २००१ च्या 'ब्लडरूट' मध्ये तांबड्या रसाचे मूळ असलेली वनस्पती आणि नायिकेचे मिसिसिपीतील मातृकुल एकत्र येतात. रक्तावरून नाते आणि मुळावरून वंश सूचित करण्याची लकब मराठीतही असल्याने 'रक्तमूळ' हा शब्द दोन्ही अर्थ पेलू शकतो.

यावरून अनुवादाविषयी एक नियम हाती लागतो. अर्थविस्तारावरील श्लेष भाषांतरात टिकण्याचा संभव असतो. ध्वनिसाम्यावरील श्लेष मात्र त्या भाषेच्या इतिहासातील योगायोग असल्याने मागे राहतो. अशा वेळी केवळ वनस्पती राखल्यास मृत्यू हरवतो, केवळ मृत्यू राखल्यास वनस्पती.

ही हानी अलंकारापुरती मर्यादित नाही. पहिल्या कादंबरीत एका आजारी स्त्रीचा मृत्यू प्रथम आत्महत्या वाटतो; तीच वस्तुस्थिती पुढे वेगळा अर्थ देऊ लागते. एकाच चिन्हातून दोन अर्थ निघणे हे श्लेषाचे आणि रहस्यकथेचे समान तत्त्व होय. म्हणून शीर्षकातील श्लेष म्हणजे कथेच्या रचनेची पूर्वसूचनाच असते. अनुवादकाने मूळ वनस्पतीचा आग्रह न धरता, तशी द्व्यर्थता देणारे मराठी वनस्पतिनाम शोधणे हेच अधिक मूलनिष्ठ ठरेल.