अनोळखी माणसाशी बोलताना घसा का कोरडा पडतो?



दिवाळीच्या सुट्टीत घरच्या दुकानात तासभर गल्ल्यावर बसण्याची वेळ तुमच्यापैकी काहींवर येत असेल. काहींना शाळेच्या आनंद बाजारात भेळेचे किंवा पणत्यांचे दुकान सांभाळावे लागते. स्काउट-गाइडमध्ये असाल, तर ‘खरी कमाई’साठी अनोळखी घराची कडी वाजवून “काकू, काही काम असेल तर सांगाल का?” असे विचारावे लागते. एरवी मित्रांत मोकळेपणाने बोलणारी मुलेही अशा वेळी गप्प होतात. घसा कोरडा पडतो, तळहातांना घाम सुटतो, छाती धडधडते आणि पाठ केलेले वाक्य ऐन वेळी आठवत नाही. “मी मुळातच बुजरा आहे,” असे म्हणून पुष्कळ जण हा विषय तिथेच सोडून देतात.

पण विज्ञानाच्या विद्यार्थ्याला असे सोडून देता येणार नाही. बोलायचे आहे तोंडाने; मग घाम तळहातांना का यावा? पोटात गोळा का उठावा? या प्रश्नांची उत्तरे शोधू लागलो, की बुजरेपणावरचा उपायही त्यांच्यातच सापडतो.

शरीराची धावपळ

समजा, रानातून जाताना पुढ्यात अचानक साप आला. अशा वेळी शरीर तुमच्या परवानगीची वाट पाहत नाही. मेंदूच्या आत, दोन्ही बाजूंना, बदामाच्या आकाराचा एक लहानसा भाग असतो. त्याला अमिग्डाला म्हणतात. तो धोक्याची घंटा वाजवतो. मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनॅलिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. हृदयाचे ठोके वाढतात, श्वास जलद होतो, स्नायूंना जास्त रक्त मिळते. पळायचे किंवा लढायचे असेल, तर त्या क्षणी अन्नपचनाचे काम गौण ठरते. म्हणून पोटाचा रक्तपुरवठा कमी होतो आणि तोंडातील लाळही आटते. कोरड्या घशाचे आणि पोटातल्या गोळ्याचे कारण हे आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली आपल्या ग्रंथात या ‘लढा किंवा पळा’ प्रतिक्रियेचे सविस्तर वर्णन केले.

आता गंमत पाहा. पाव किलो शेंगदाणे मागायला आलेले काका म्हणजे काही साप नव्हेत! पण माणूस हा कळपाने राहणारा प्राणी आहे. हजारो वर्षे टोळीतून बाहेर पडणे म्हणजे जिवावर बेतणे होते. त्यामुळे ‘लोक मला हसतील, नाकारतील’ ही शंकादेखील मेंदू धोक्यातच जमा करतो आणि तीच घंटा वाजवतो. काहींची ही घंटा जन्मतःच जरा हलक्या हाताने वाजते. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. तुमचे यंत्र बिघडलेले नाही. ते चुकीच्या वेळी इमानदारीने काम करीत आहे, इतकेच.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. ॲड्रेनॅलिन रक्तात फार वेळ टिकत नाही. थोड्याच मिनिटांत त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. म्हणजे भीतीची लाट चढते, तशी ती आपोआप ओसरतेही. मात्र ती ओसरेपर्यंत आपण जागेवर उभे राहिले पाहिजे.

सगळे माझ्याकडेच बघत आहेत का?

तुमच्या वयात एक वेगळीच अडचण असते. आपण सतत रंगमंचावर आहोत आणि सारे जग आपल्याला न्याहाळत आहे, असे वाटत राहते. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ साली याला ‘काल्पनिक प्रेक्षक’ असे नाव दिले.

हे प्रेक्षक खरोखर किती असतात? अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात टॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे मोजमाप केले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात एका विद्यार्थ्याला बॅरी मॅनिलो या गायकाचे चित्र असलेला टी-शर्ट घालायला दिला. तो घालून फिरायला तिथल्या मुलांना संकोच वाटत असे. मग त्याला इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवले. “किती जणांनी तुझ्या शर्टावरचे चित्र ओळखले असेल?” असे विचारल्यावर उत्तर आले, सुमारे निम्म्यांनी. प्रत्यक्षात जेमतेम पाव भाग लोकांच्याच ते ध्यानात आले होते. असा प्रयोग अनेक विद्यार्थ्यांवर केला, तेव्हा हीच सरासरी मिळाली.

याच संशोधकांपैकी दोघांनी २००३ साली आणखी एक गोष्ट दाखवली. भाषण करणाऱ्याला आपली घबराट जितकी उघड दिसते आहे असे वाटते, तितकी ती ऐकणाऱ्यांना दिसत नसते. आणि हे सत्य आधी सांगून ठेवलेल्या विद्यार्थ्यांची भाषणे अधिक चांगली झाली! तुमची धडधड तुम्हाला ढोलासारखी ऐकू येते. समोरच्या गिऱ्हाईकाला ती ऐकूही येत नाही. त्याचे लक्ष पिशवीकडे, भावाकडे आणि सुट्या पैशांकडे असते.

पळ काढला की काय होते?

गिऱ्हाईक आले की तुम्ही आत जाता आणि मोठ्या भावाला पुढे पाठवता. लगेच हायसे वाटते. पण हे हायसे वाटणेच घातक आहे. मेंदू त्यातून धडा घेतो, ‘पळालो म्हणून वाचलो.’ पुढच्या वेळी घंटा आणखी जोरात वाजते. गिऱ्हाईकाने काही खाल्ले नसते, हे मेंदूला कधी कळतच नाही. कारण ते पाहायला आपण थांबलेलोच नसतो.

याच्या उलट काय करता येते, ते मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ साली दाखवले. पीटर नावाचा एक लहान मुलगा सशाला फार घाबरत असे. त्याला आवडीचा खाऊ देऊन, पिंजऱ्यातला ससा आधी खूप दूर ठेवला. रोज त्याला थोडे थोडे जवळ आणले. घाई केली नाही. शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला. भीती समजावून सांगितल्याने गेली नाही. ती पायरी पायरीने, अनुभवाने गेली.

तुमची शिडी, तुमचा प्रयोग

हीच रीत आपल्यालाही वापरता येईल. वहीत सोप्याकडून अवघडाकडे जाणारी शिडी लिहा. उदाहरणार्थ:

१. ओळखीच्या वाण्याला एखाद्या वस्तूचा भाव विचारणे.
२. एसटीच्या कंडक्टरला “माझा थांबा आला की सांगाल का?” असे म्हणणे.
३. ग्रंथपालांकडे हवे ते पुस्तक मागणे.
४. दुकानात मोठ्यांच्या शेजारी बसून दोन गिऱ्हाइकांशी स्वतः बोलणे.
५. दहा मिनिटे एकट्याने दुकान सांभाळणे.

आता वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात आधीच लिहा, ‘काय वाईट होईल असे वाटते?’ आणि भीतीला ० ते १० पैकी गुण द्या. दुसऱ्यात, बोलून आल्यावर, ‘प्रत्यक्ष काय झाले?’ ते लिहा. तिसऱ्यात मनगटावरची नाडी नोंदवा: बोलण्याआधी, लगेच नंतर आणि पाच मिनिटांनी. एकच पायरी पुनःपुन्हा करा. भीतीचे गुण निम्म्यावर आले, की पुढची पायरी चढा. भीती शिगेला असताना मात्र माघारी फिरू नका.

तुमची भीती हे एक अनुमान आहे. प्रयोगशाळेत अनुमान तपासून पाहिल्याशिवाय आपण स्वीकारतो का? शिकागो शहरातील आगगाडीच्या प्रवाशांनाही असेच वाटत होते, की अनोळखी सहप्रवाशाशी बोललो तर प्रवास कंटाळवाणा होईल. निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ज्यांना खरोखरच बोलायला लावले, त्यांचा प्रवास गप्प बसणाऱ्यांपेक्षा अधिक आनंदाचा झाला. अंदाज अगदी उलटा ठरला.

गिऱ्हाईक समोर आल्यावर

बोलण्यापूर्वी एक श्वास घ्या आणि तो सावकाश, लांबवून सोडा. श्वास सोडताना हृदयाची गती मंदावते. नाडीवर बोट ठेवून हे तुम्हीच पडताळू शकता. सगळे संभाषण पाठ करू नका, फक्त पहिले वाक्य तयार ठेवा: “या मावशी, काय देऊ?” त्यानंतर ‘मी कसा दिसतो?’ हा विचार सोडून ‘यांना काय हवे आहे?’ याकडे लक्ष द्या. लक्ष बाहेर गेले की घंटेचा आवाज कमी होतो. वजन करताना किंवा पैसे मोजताना शांतता पसरली, तर ती भरून काढायची गरज नाही. भाव ठाऊक नसेल तर “जरा थांबा काका, बाबांना विचारून सांगतो,” हे सरळ उत्तर आहे. त्यात कमीपणा नाही. सुटे पैसे चुकले तर “माफ करा, दहा रुपये कमी दिले,” म्हणून मोकळे व्हा. कुणी रागावलेच, तर त्याचे पूर्ण ऐकून घ्या, त्याला काय हवे ते पुन्हा विचारा आणि मोठ्यांना बोलवा.

मात्र सगळीच भीती खोटी नसते. खरी कमाईला एकट्याने जाऊ नका, अनोळखी घरात आत शिरू नका, आणि एखाद्या माणसाचे वागणे खटकले तर तिथून निघून या व मोठ्यांना सांगा.

शिक्षकांसाठी दोन शब्द

मितभाषी असणे आणि भीतीमुळे गप्प राहणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली स्वभाव आहे. ती बदलण्याची गरज नाही. बुजऱ्या मुलाला एकदम स्टेजवर ढकलणे म्हणजे ससा थेट पीटरच्या मांडीवर ठेवण्यासारखे होईल. त्याला आधी खालची पायरी द्या. एखादे मूल महिनोन्महिने शाळा, जेवणाची सुट्टी, तोंडी परीक्षा टाळत असेल, तर तो नुसता बुजरेपणा नसून उपचारांनी बरा होणारा त्रास असू शकतो. अशा वेळी डॉक्टरांचा किंवा समुपदेशकांचा सल्ला घ्यावा. २०२२ साली सुरू झालेल्या सरकारी ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते.

तेव्हा मित्रांनो, आज वहीत शिडी आखा आणि पहिली पायरी उद्याच चढून पाहा. घसा कोरडा पडेल, छातीही धडधडेल. पडू द्या, धडधडू द्या. शरीर आपले काम करील, तुम्ही आपले काम करा. आणि तिसऱ्या रकान्यातले पाच मिनिटांनंतरचे नाडीचे ठोके मोजायला मात्र विसरू नका.