खासगी आयटीआय : सरकार जागा मोजते, हुनर कोण मोजणार?

दहावीचा निकाल लागला की आपल्या मोहल्ल्यांत रंगीत पत्रके फिरू लागतात. ‘शासनमान्य’ इलेक्ट्रिशियन, फिटर, फॅशन डिझाइन, वर नोकरीची हमी. लूमवर बारा तास उभा राहणारा बाप उधारउसनवार करून फी भरतो. तेव्हा ही मान्यता काय चीज आहे, हे आपल्या बांधवांनी समजून घेणे जरुरीचे आहे.

आयटीआयची मूळ योजना १९५० सालची. खासगी संस्थांना केंद्राच्या कारागिरी प्रशिक्षण परिषदेची संलग्नता लागे. पुढे नव्या संस्थांची पाहणी काही वर्षे क्वालिटी कौन्सिलकडे सोपवली गेली. त्या काळात काय झाले, हे संसदेच्या श्रमविषयक स्थायी समितीने २०१८ मध्ये मांडले. दहा वर्षांत खासगी आयटीआय सुमारे दोन हजारांवरून बारा हजारांच्या घरात गेल्या आणि निकष धाब्यावर बसवले गेले. त्याच वर्षी नवी राष्ट्रीय नियामक परिषद जाहीर झाली. २०२० पासून ती काम पाहते. आयटीआयची संलग्नता मात्र केंद्राचे प्रशिक्षण महासंचालनालय सांभाळते.

दफ्तरे बदलली, पण तपासण्याची रीत फारशी बदलली नाही, ही आमची तक्रार आहे. आम्ही कापडवाले. माल घेताना विणणाऱ्याच्या शेडची लांबी-रुंदी विचारत नाही. ताका उलगडतो, पन्हा मोजतो, उजेडात धरून ताणा-बाणा पाहतो. सरकारचा भर शेड मोजण्यावर आणि यंत्रांच्या यादीवर. यंत्रे पाहणीच्या दिवसापुरती आणूनही मांडता येतात. उलट एखादा जाणकार उस्ताद दोन खोल्यांत पोरांना खरे काम शिकवत असेल, तर तो चौरस मीटरच्या हिशेबात नापास. म्हणजे लबाड सुटतो आणि इमानदार अडकतो.

जागेचे नियम नकोत असे नाही. वेल्डिंग, विजेच्या कामात जिवाचा सवाल असतो. पण प्रत्येक संस्थेतून किती मुले दाखल झाली, किती पास झाली, किती कामाला लागली, हा आकडा दरवर्षी संस्थेच्या दारावर लागला पाहिजे. प्रात्यक्षिक परीक्षा बाहेरच्या कारागिराने घ्यावी. संलग्नता गेली तर फी परत मिळालीच पाहिजे.

हे होईल तेव्हा होईल. तोवर फी भरण्याआधी इतके पाहा. ट्रस्ट किंवा सोसायटीची नोंदणी म्हणजे कोर्सची मान्यता नव्हे. इथेच जास्त लोक फसतात. संलग्नता संस्थेला सरसकट नसते, ट्रेडनिहाय आणि तुकडीनिहाय असते. फिटरला असेल, इलेक्ट्रिशियनला नसेल. संस्थेचा एमआयएस क्रमांक मागा आणि सरकारी पोर्टलवर ट्रेड, तुकड्या पडताळून घ्या, नाहीतर जवळच्या सरकारी आयटीआयच्या प्राचार्यांना जाऊन विचारा. बिनसंलग्न डिप्लोम्यावर रेल्वेत आयटीआयच्या जागेसाठी अर्जही चालत नाही.

आठवी पास मुलालाही वायरमन, वेल्डर हे ट्रेड खुले आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

कारखानदार बांधवांसाठी एक गोष्ट. १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्याखाली ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. ४ ते २९ माणसांच्या युनिटला ते ऐच्छिक आहे. आपल्यापैकी पुष्कळांची युनिटे या दुसऱ्या वर्गात मोडतात.