लाइटवाले बूट

परवा माझा सहा वर्षांचा लेक शाळेतून आला तो फुरंगटूनच. "आई, ते लाइटवाले बूट मला शाळेत नकोत." पाऊल टाकलं की लुकलुकणारे ते बूट त्यानं हट्ट करून घेतले होते. "का रे?" तर म्हणाला, "आज आम्ही अंधारात लपलो होतो. माझे बूट चमकले. खरंच कुणी आलं असतं, तर त्याला मी दिसलो असतो ना!"

शाळेत 'लॉकडाऊन ड्रिल' होतं. बंदूक घेऊन कुणी वर्गात शिरलंच, तर काय करायचं याची रंगीत तालीम. माझ्या तर पोटात गोळाच आला.

आम्ही टेक्सासमध्ये राहतो. याच राज्यातल्या उवाल्डे गावात मे २०२२ मध्ये एका अठरा वर्षांच्या मुलानं प्राथमिक शाळेत १९ मुलं आणि दोन शिक्षिकांना मारलं. रायफल त्यानं रीतसर विकत घेतली होती. सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे चाप ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप भरली जाते. चाप ओढत राहायचं, बस्स!

आपल्याकडे बंदूक पाहायची ती पोलिसाच्या नाही तर बँकेच्या वॉचमनच्या खांद्यावर. इथे मात्र लेकाच्या जिवलग मित्राच्या घरीच अशी रायफल आहे. त्याची आई माझी शेजारीण. मोठी लाघवी. माझ्या बाळंतपणात रोज गरम सूप आणून द्यायची. एकदा मी न राहवून विचारलं, "कशाला गं हवी ती?" ती म्हणाली, "बाबांच्या शेतात रानडुकरं येतात. एका रात्रीत सगळं उकरून टाकतात. एक गोळी झाडली की कळप पांगतो, दुसरी भरायला वेळ कुठे असतो?"

मी कोकणातली. रानडुकरांनी उकरलेलं शेत बघून कपाळाला हात लावणारे आजोबा मला आठवले. तिचं अगदीच खोटं नव्हतं. पण जो वेग कळपासाठी हवा, तोच वर्गात शिरला की काय होतं?

इथला सगळा वाद तिथेच अडलाय. १९९४ मध्ये अशा अनेक रायफलींच्या नव्या विक्रीवर देशभर बंदी आली. कायद्याची मुदत दहा वर्षांची. २००४ मध्ये ती संपली, पुन्हा वाढवली गेली नाही. डिसेंबर २०१२ मध्ये कनेक्टिकटमधल्या सँडी हूक शाळेत २० चिमुरडी आणि सहा मोठी माणसं गेली. त्यानंतर डायन फाइनस्टाइन यांनी सिनेटमध्ये पुन्हा बंदीचा प्रस्ताव आणला. बाजूनं मतं पडली फक्त ४०. विरोधकांचं म्हणणं, बहुतेक खून पिस्तुलानं होतात, मग रायफलीवर राग का? शिवाय शस्त्र बाळगणं हा घटनेनं दिलेला हक्क. शेजारीणही हेच म्हणते.

सँडी हूकमधली एक गोष्ट मात्र माझ्या मनातून जात नाही. ती रायफल त्या मुलाच्या आईची होती, कायदेशीर. त्यानं आधी आईलाच मारलं.

त्या रात्री मला झोप लागेना. दुसऱ्या दिवशी लेक मित्राकडे खेळायला जाणार होता. जाऊ द्यावं का? विचारावं तर तिला काय वाटेल? शेवटी धीर करून गेलेच. "रागावू नकोस, पण तुमची रायफल असते कुठे?"

ती क्षणभर गप्प झाली. मग हात धरून आत घेऊन गेली. लोखंडी कपाट, नंबरचं कुलूप. गोळ्या दुसऱ्या खोलीत. "रागावू कशाला? तू विचारलंस ते बरं केलंस," ती म्हणाली. आणि मग हळूच, "मीसुद्धा परवा ड्रिलनंतर रडले गं."

आमचं मत काही जुळलेलं नाही. अशी रायफल घराघरांत नसावी, असं मला आजही वाटतं. निवडणुकीत ती तिकडे मत देईल, मी इकडे. पण मुलाला कुणाकडे खेळायला पाठवताना जेवणखाणाचं, अ‍ॅलर्जीचं विचारतो, तसं हेही विचारायचं, एवढं आता आम्हा दोघींचं ठरलंय.

संध्याकाळी लेक मित्राकडे निघाला. पायात तेच लाइटवाले बूट. अंगणभर लुकलुकत पळाला. शाळेसाठी मात्र मी साधे, काळे बूट आणून ठेवलेत.