यंदा राजगड करूया, सगळे मिळून!

पाऊस सरला, सहामाही संपत आली, म्हणजे किल्ल्याची माती भिजवायची वेळ झाली. दिवाळीचा किल्ला हा मला शरदातला सर्वात सुंदर घरगुती उद्योग वाटतो, कारण त्यात आजोबांपासून बालवाडीतल्या पोरापर्यंत सगळ्यांना काम मिळतं.

नुसता 'एक डोंगर' करू नका, खरा गड निवडा. राजगड उत्तम. मधोमध उंच बालेकिल्ला आणि तीन बाजूंना पद्मावती, सुवेळा, संजीवनी या माच्या, त्यामुळे आकार मुलांच्या चटकन लक्षात राहतो. संजीवनीची दुहेरी तटबंदी मात्र मोठ्यांनी हाताशी बसून करून द्यावी. रायगडाआधी स्वराज्याची राजधानी इथेच होती, हे सांगायला यापेक्षा चांगली वेळ नाही.

दगड-विटांचा सांगाडा रचा, त्यावर ओलं गोणपाट आणि मग चाळलेल्या मातीचा चिखल. हिरवळीसाठी हळीव पेरा. भिजल्यावर तो चिकट होतो, म्हणून उतारावरूनही घसरत नाही. वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी पेरून रोज हलकं पाणी शिंपडा, ओतू नका. मावळे शक्यतो कुंभारवाड्यातून मातीचेच आणा.

२०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून गौरवलेल्या १२ किल्ल्यांत राजगडही आहे. जमलं तर आधी एकदा मुलांना घेऊन गड चढून या. पाली दरवाजाची वाट त्यातल्या त्यात सोपी आहे. किल्ला झाला की फोटो इथे नक्की टाका, आणि कुठला गड केलात तेही लिहा!