गोंदियाच्या उन्हात केकवर उभी राहणारी चॉकलेटची सजावट

निकाह, अकीका, मुलाची आमीन, दहावी-बारावीचा निकाल. आपल्या घरांत आता यातल्या कुठल्याही कार्यक्रमाला केक येतोच. आणि नुसती क्रीमची फुलं आता चालत नाहीत. मुलींना मोबाइलवर पाहिलेली उभी जाळी, चॉकलेटचा पोकळ गोळा, घुमट, पानं हवी असतात. तयार सजावट ऑनलाइन मागवली तर मे महिन्यात पार्सलमधून काय निघेल याचा भरवसा नाही. त्यात काय-काय घातलंय, हे तर त्याहून कमी ठाऊक असतं. नागपूरहून केक आणणाऱ्यांनाही हाच प्रश्न पडतो.

ही सजावट घरी होते. आपल्याकडच्या बहुतेक मुलींना ती जमेल, कारण ज्या हाताला मेहंदीचा कोन धरता येतो त्याला चॉकलेटचा कोनही धरता येतो. अडचण हाताची नाही, उन्हाची आहे. म्हणून आधी ऊन आणि चॉकलेट यांचं नातं समजून घेऊ.

खऱ्या चॉकलेटमध्ये कोकोच्या बियांची चरबी असते, तिला कोको बटर म्हणतात. ती साधारण ३४ अंशांना वितळते, म्हणूनच चॉकलेट तोंडात टाकताच विरघळतं. आपल्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४४-४५ पर्यंत जातो. म्हणजे खोलीच तोंडापेक्षा गरम! शिवाय हे कोको बटर हट्टी आहे. थंड होताना ते सहा वेगवेगळ्या प्रकारच्या स्फटिकांत गोठू शकतं आणि त्यातल्या एकाच प्रकाराने चॉकलेटला चमक येते, मोडताना ‘कट्’ असा आवाज येतो. बाकीच्या प्रकारांत ते मऊ, फिकट, डागाळलेलं राहतं. हवा तो स्फटिक मिळवण्यासाठी जी तापवण्या-थंड करण्याची कसरत करतात तिला टेंपरिंग म्हणतात. डार्क चॉकलेट ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवायचं, २७-२८ पर्यंत उतरवायचं, मग पुन्हा ३१-३२ वर आणायचं. मिल्क आणि व्हाइट चॉकलेटला याहून दोन-तीन अंश कमी. थर्मामीटरशिवाय हे काम करू नये. आणि खोली ३८ अंशांवर असेल तर थर्मामीटर असूनही चॉकलेट २७ वर उतरणार कसं?

यावर बाजारात उपाय आहे, त्याचं नाव कंपाउंड. किराणा दुकानात किंवा केकच्या सामानाच्या दुकानात मोर्डे, व्हॅन हॉटन वगैरे नावांची जी लादी मिळते, तिच्यात बहुतेक वेळा कोको बटरच्या जागी वनस्पती तेलाची घट्ट चरबी असते. तूप आणि डालडा यांत जो फरक, तोच इथे समजा. चव थोडी मेणासारखी, पण टेंपरिंग लागत नाही, वितळवा आणि ओता. उष्णताही ती थोडी जास्त सोसते. माझं मत स्पष्ट आहे: मार्च ते जून कंपाउंडच वापरा, त्यात कमीपणा काही नाही. खऱ्या चॉकलेटची हौस डिसेंबर-जानेवारीत भागवा, तेव्हा आपली हवाच अर्धं काम करते. मात्र विकत देणार असाल तर कंपाउंडला ‘प्युअर चॉकलेट’ म्हणू नका. गिऱ्हाइकाला खरं सांगून दिलं पाहिजे.

वितळवण्याची रीत अशी. लादी सुरीने बारीक चिरा. पातेल्यात दोन-तीन बोटं पाणी गरम करा, उकळायला लागलं की गॅस बंद. वर काचेचं किंवा स्टीलचं कोरडं भांडं ठेवा, त्याचा तळ पाण्याला टेकता कामा नये. त्यात चॉकलेट टाकून हळू ढवळा. पाण्याचा एक थेंब पडला तरी चॉकलेट फाटतं, घट्ट आणि रवाळ होतं. कारण आतली साखर ते पाणी शोषून चिकटते आणि गोळे धरते. त्याच कारणाने क्रीममध्ये घालायचा पाण्याचा रंग चॉकलेटला चालत नाही, तेलात कालवलेला चॉकलेटचा रंगच घ्यावा. फाटलेलं टाकून देऊ नका, गरम दुधात घालून मुलांना प्यायला द्या.

आता विदर्भाची खास गोष्ट: कूलर. आपण म्हणतो खोली थंड झाली, करा सुरू. पण कूलर हवा थंड करतो ती पाणी मिसळून. त्या ओल्या हवेत फ्रिजमधून काढलेल्या चॉकलेटवर लगेच दव धरतं, आणि ते वाळलं की पृष्ठभागावर साखरेचे पांढरे चट्टे उठतात. लोकांना ती बुरशी वाटते. बुरशी नव्हे, खाऊ शकता, पण सजावट गेली. पावसाळ्यातही हाच त्रास. एसी असेल तर उत्तम. नसेल तर उन्हाळ्यात हे काम फजरनंतरच्या दीड-दोन तासांत उरकावं, कूलर बंद ठेवून. पंखा चालतो.

पहिला नमुना जाळीचा घ्या, कारण सपाट नक्षीला उभं कसं करायचं हे त्यातून नीट समजतं. स्टेशनरीच्या दुकानात ओएचपीची पारदर्शक प्लास्टिक शीट मिळते. कोरी, नवीन आणा, पुसून कोरडी करा. साध्या कागदावर पेन्सिलीने नक्षी काढा आणि शीटखाली ठेवा. बटर पेपरचा कोन वळा, अगदी मेहंदीच्या कोनासारखा, टोक दोन मिलिमीटर कापा. चॉकलेट भरण्याआधी थेंबभर मनगटावर ठेवून पाहा, बाळाचं दूध पाहतो तसं. गरम लागता कामा नये. फार पातळ असेल तर रेघ पसरते.

नक्षी काढताना मेहंदीतला आणि यातला एक फरक लक्षात ठेवा. मेहंदीत सुटी वेल चालते, इथे नाही. इथे प्रत्येक रेघ किमान दोन जागी दुसऱ्या रेघेला भिडली पाहिजे, नाहीतर शीट सोडवताना तेवढा तुकडा खाली पडेल. बाहेरची किनार जाड ठेवा, तीन-चार मिलिमीटर. जुन्या मशिदी आणि दर्ग्यांच्या दगडी जाळ्या जाऊन निरखा, कारागिरांनी हाच हिशोब केलेला दिसेल.

रेघा ओढून झाल्या की थांबा. चॉकलेटची ओली चमक जाते आणि ते मंद दिसू लागतं, पण अजून वाकतं, अशी एक वेळ येते. ती दोन-तीन मिनिटांचीच असते. त्या वेळी शीट उचलून स्टीलच्या ग्लासला बाहेरून गुंडाळा, चॉकलेट बाहेरच्या बाजूला, आणि टेपने चिकटवा. दहा मिनिटं फ्रिजमध्ये. मग चॉकलेट ओढू नका, शीट हळूहळू मागे सोलून काढा. जाळी वळलेली, आपल्या पायावर उभी! लवकर गुंडाळली तर रेघा ओघळतात, उशीर झाला तर तडकतात. दोन-तीनदा बिघडेलच. तुकडे पुन्हा वितळवता येतात, नुकसान काही नाही.

घुमट हवा असेल तर गुळगुळीत वाटी उपडी करून तिला बाहेरून प्लास्टिकची पातळ फिल्म ताणून बसवा, सुरकुती नको. वाटी दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, बाहेर काढल्यावर दव कोरडं पुसा, मग वरून जाळी ओढा. गोठल्यावर आधी वाटी काढा, मग आतून फिल्म. टोकाला शीटवर काढलेली छोटी चंद्रकोर थेंबभर चॉकलेटने चिकटवली की ईदचा केक सजला.

पोकळ गोळ्यासाठी सिलिकॉनचे अर्धगोल साचे मिळतात. एक थर लावून गोठवा, काठ पातळ असतो म्हणून काठावर दुसरा थर द्या. दोन अर्धे जोडण्याची युक्ती सोपी आहे: ताट किंचित गरम करा, दोन्ही अर्ध्यांचे काठ त्यावर क्षणभर टेकवा आणि लगेच एकमेकांवर दाबा. डबीही अशीच होते. चॉकलेट शीटवर सपाट पसरून गरम सुरीने सहा सारखे चौकोन कापा आणि काठाला काठ जोडा. गणितात घनाची घडण शिकणाऱ्या मुलांना हे काम जरूर द्या. कागदाच्या घनापेक्षा हा त्यांच्या जास्त लक्षात राहतो.

पानं सगळ्यांत सोपी. खरं पान घ्यायचं, धुऊन पूर्ण कोरडं करायचं, त्याच्या मागच्या बाजूला ब्रशने चॉकलेट लावायचं. शिरा तिकडे उठून दिसतात म्हणून. गोठलं की देठाकडून खरं पान सोलून काढायचं. गुलाबाचं, आंब्याचं, पेरूचं पान चालतं. अंगणात कण्हेर असेल तर तिला हात लावू नका. कण्हेर विषारी आहे, धोतराही. मुलांना हे आधी सांगा, कारण कण्हेरीचं लांब पान दिसायला फार छान असतं.

गुलाबाची फुलं करायला वेगळं मिश्रण लागतं, त्याला मॉडेलिंग चॉकलेट म्हणतात. २०० ग्रॅम डार्क कंपाउंड वितळवून त्यात ७० ग्रॅमच्या आसपास कोमट लिक्विड ग्लुकोज घाला, व्हाइट असेल तर ५० ग्रॅम पुरे. गोळा जमेपर्यंतच ढवळा, जास्त ढवळलं तर तेल सुटतं. प्लास्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर ठेवा. सकाळी मळलं की कणकेसारखं होतं, पाकळ्या वळा. हाताला घाम येत असेल तर थोडं कॉर्नफ्लोअर लावा.

देशात मोठी कामंही झाली आहेत. मुंबईच्या रिंटू राठोड यांनी चॉकलेटच्या गणेशमूर्ती घडवल्या; विसर्जन दुधात करून ते दूध मुलांना वाटलं. पुण्याच्या प्राची धबल देब यांनी मिलान कॅथेड्रलची १०० किलोची प्रतिकृती केली, पण ती चॉकलेटची नाही, रॉयल आयसिंगची, तीही अंड्याशिवाय. हा फरक आपल्या कामाचा आहे. रॉयल आयसिंग साखरेचं असतं, ते वाळून कडक होतं, त्यामुळे उन्हाने वितळत नाही. त्याचा शत्रू ओलावा. मे महिन्यातलं लग्न, मंडप उघडा आणि केक दोन तास बाहेर राहणार असेल, तर चॉकलेटचा हट्ट सोडून जाळी रॉयल आयसिंगची करावी.

आता पाकिटावर काय वाचायचं ते. हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका असेल तर त्यात जिलेटिन नाही, आणि किड्यापासून काढलेला लाल रंग, आयएनएस १२०, तोही नाही. पण हिरवा ठिपका दारूबद्दल काहीही सांगत नाही! रम किंवा लिकर घातलेलं चॉकलेट हिरव्या ठिपक्यासह मिळू शकतं, तेव्हा घटकांची यादी वाचाच. उलट तपकिरी खूण म्हणजे हराम असंही नाही, नुसतं अंडं असलं तरी ती लागते. परदेशी पाकिटांवर हलाल प्रमाणपत्राची खूण शोधा. मार्शमेलो आणि ग्लेझ यांत जिलेटिन बऱ्याचदा असतं.

चमकदार गोळ्यांवर आयएनएस ९०४ लिहिलेलं दिसेल. ते म्हणजे लाख. आपल्याच जिल्ह्यात पळस-कुसुमाच्या झाडांवर घेतली जाते तीच. ती किड्यापासून येते, तरी नियमात तिला सूट असल्याने ठिपका हिरवाच राहतो. कुणाच्या मनात शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारावं. सोनेरी पावडर घेताना ‘खाण्यायोग्य’ असं लिहिलेलं असेल तरच घ्या. नुसतं ‘बिनविषारी’ म्हणजे खाण्याची नव्हे. काही घरांत प्राणी-पक्ष्यांचे आकार नको असतात, ऑर्डर घेताना तेही विचारून घ्यावं. आणि घरून विकायचं ठरलं तर एफएसएसएआयची नोंदणी करा, ती ऑनलाइन होते.

शेवटी ने-आण. सजावट लावून केक देवरी किंवा अर्जुनी मोरगावला स्कूटरवर नेऊ नका. सजावट वेगळ्या डब्यात, बटर पेपरच्या घड्यांवर, तो डबा थर्माकोलच्या पेटीत आणि बर्फाची बाटली कापडात गुंडाळून शेजारी. जोडायला थोडं चॉकलेट, रिकामा कोन आणि हातमोजे सोबत असू द्या. तिथे पोहोचल्यावर पेटी लगेच उघडू नका, दहा मिनिटं थांबा म्हणजे दव धरणार नाही. उभी जाळी सरळ क्रीमवर रोवली तर वजनाने झुकते. आधी चॉकलेटची पातळ चकती ठेवा आणि जाळी तिच्यावर चिकटवा. पाहुणे येण्याच्या पंधरा मिनिटं आधी हे केलं तरी पुरतं.