पुटचं काम पोस्टच्या गळ्यात

1991 साली वेबला सर्व्हरकडे रिक्वेस्ट करायची एकच रीत, म्हणजे मेथड, ठाऊक होती : गेट. पान मागायचं, सर्व्हरने ते द्यायचं, विषय संपला. टिम बर्नर्स-ली यांच्या पहिल्या ब्राउझरमध्ये पान वाचताही येई आणि बदलताही. पण बदललेलं पान दूरच्या सर्व्हरवर परत ठेवायची सोय नव्हती.

मे 1996 मध्ये वेबच्या प्रोटोकॉलचा, एचटीटीपी 1.0 चा दस्तऐवज निघाला. गेट, हेड, पोस्ट मुख्य मजकुरात आणि पुट परिशिष्टात. फाइल ठेवायला खरी लायक मेथड पुटच. 'या पत्त्यावर हे ठेव', एवढाच तिचा अर्थ. मधेच नेट गेलं म्हणून तीच फाइल पुन्हा पाठवली, तरी निकाल तोच. पोस्टचं म्हणणं असं, की हे घे आणि काय करायचं ते तू ठरव. म्हणून ती दोनदा गेली, तर दोन नोंदी होऊ शकतात.

तरी बाजी पोस्टने मारली, याचं कारण वेबपानांवरचे फॉर्म; ते पाठवायला पुट चालतच नसे. फॉर्ममधला मजकूर तेव्हा टक्केचिन्हांच्या सांकेतिक रूपात जाई. आजच्या यूटीएफ-8 मधला आपला एक 'क' त्या रूपात नऊ अक्षरांचा होतो! फोटोसारखी फाइल अशी पाठवायची, तर ती जवळजवळ अडीचपट फुगणार. झेरॉक्समधल्या नेबेल आणि मॅसिंटर यांनी नोव्हेंबर 1995 मध्ये यावर तोड सुचवली, ती म्हणजे मल्टिपार्ट. एकाच रिक्वेस्टचे अनेक भाग, दोन भागांमध्ये एक सीमारेषा, प्रत्येक भागाला स्वतःचं शीर्षक आणि फाइल जशीच्या तशी. ही रचना इतकी चपखल होती की ती अजून टिकून आहे.

पुटला 1997 मध्ये एचटीटीपी 1.1 च्या मुख्य मजकुरात जागा मिळाली, 1999 मध्ये सर्व्हरवरच्या फाइल दुरून बदलू देणाऱ्या वेबडॅव्ह या विस्ताराने तिला कामही दिलं. पण कुणीही येऊन फाइल बदलून जाईल, या धास्तीने ती उघडी ठेवायला सर्व्हर सांभाळणारे धजावत नसत. धास्ती रास्तच होती.

तिचे दिवस पालटले ते 2006 मध्ये ॲमेझॉनची एस-3 सेवा आल्यावर. तिथे फाइल ठेवायची ती मुख्यतः पुटनेच, तीही सही केलेल्या रिक्वेस्टने. 2010 मध्ये मोठ्या फाइलचे तुकडे करून पाठवायची सोय झाली : सुरुवात पोस्टने, तुकडे पुटने, समारोप पुन्हा पोस्टने. माझ्या मते दोघींची इतकी नेटकी वाटणी आधी क्वचितच झाली असेल. एखादा तुकडा अडला, तर तेवढाच पुन्हा पाठवायचा. त्याच वर्षी पॅच ही आणखी एक मेथड प्रमाणित झाली. अर्धवट राहिलेलं अपलोड पुढे सुरू करायला टस नावाचा प्रोटोकॉल तीच वापरतो.

फॉर्म मात्र जिथल्या तिथे आहे. आजही त्यात मेथड म्हणून पुट लिहिलं, तर ब्राउझर मुकाट्याने गेट वापरतो आणि फाइलऐवजी तिचं नुसतं नाव सर्व्हरवर जातं.